भुयारी मार्गातील क्रमांक सातच्या आवाजाबाबत

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
दिवाबत्ती व भुयारी मार्ग विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : 'काळोखाची हजेरी' हे मुलांचे इंटरनेटवरील पान बंद न करण्याबाबत, तसेच त्यावर ऐकू येणारा क्रमांक सातचा आवाज कोणाचा, याचा लेखी खुलासा.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस. २) त्यानंतरचे स्मरणपत्र. ३) तक्रार अ‍ॅपवरील 'प्रकाश आढळला' हा शेरा.

महोदय,

आपण या पदावर नुकतेच रुजू झाला आहात आणि वयाने तरुण आहात, असे आपल्या कार्यालयातील शिपाईमामांकडून कळले. अर्जदार ही निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. नवा धडा सुरू करण्यापूर्वी मुलांना डोळे मिटायला सांगायची तिची सवय अजून गेलेली नाही. म्हणून पदाचा मान राखून विनंती अशी की, हा अर्ज वाचताना आपणही थोडे कल्पून पाहावे. आपण नऊ वर्षांचे आहात. पाठीवर दप्तर आहे. शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि त्या रस्त्यावर गाड्या कोणासाठी थांबत नाहीत, म्हणून आपल्याला खाली उतरून भुयारातून जायचे आहे. पायऱ्या संपेपर्यंत उजेड आपल्यासोबत येतो. मग एक वळण लागते, आणि तिथून तो मागे फिरतो. त्यापुढे स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. छपरातून पाणी ठिबकते आणि नेमके मानेवर पडते. आता आपल्या पुढे कोण आहे आणि मागे कोण आहे, की कोणीच नाही, हे आपल्याला कसे कळणार?

एवढे कल्पून झाले असल्यास पुढे वाचावे. झाले नसल्यास अर्जदार थांबायला तयार आहे. जन्मभर तिने दुसरे काय केले आहे?

१. भुयाराच्या अलीकडच्या तोंडाशी एक चाव्या बनवणारा बसतो. त्याच्या वरच्या मजल्यावर अर्जदार राहते आणि शाळेआधी आसपासच्या आठ मुलांचा अभ्यास घेते. अभ्यास झाला की ही आठही मुले एकत्रच शाळेला निघतात. भुयारातले दिवे गेले, तेव्हा अर्जदाराने त्यांना सहलीच्या वेळची जुनी पद्धत शिकवली. प्रत्येकाने पुढच्याच्या दप्तराचा बंद धरायचा. सर्वांत पुढच्याने 'एक' म्हणायचे, त्याच्या मागच्याने 'दोन', असे शेवटपर्यंत. आणि शेवट आला की पुन्हा एकपासून. आपल्या आधीचा आकडा ऐकल्याशिवाय आपला बोलायचा नाही. एखादा आकडा आला नाही, तर रांग जागच्या जागी उभी करायची. तो येईपर्यंत कोणी पाऊल उचलायचे नाही. आजारी मुलाचा आकडा गाळायचा असेल, तर तसे वर उजेडातच ठरवून खाली उतरायचे.

या रांगेतील तिघांची ओळख करून देणे आवश्यक आहे. एक नंबर तेरा वर्षांच्या मुलीचा. ती कुजबुजली तरी शेजारच्या घरातून उत्तर येते, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. सात नंबर इस्त्रीवालीच्या मुलीचा. ती मुंगी. रांग न सोडणारी, आणि आपल्या जिवापेक्षा मोठे ओझे वाहणारी, कारण धाकट्या भावाचे दप्तरही तिच्याच खांद्यावर असायचे. आठ नंबर त्या भावाचा. तो कायम शेवटी, म्हणून तो शेपूट.

२. दिवे लागावेत यासाठी या मुलांनी आरंभी कोणतीही चळवळ केली नव्हती, हे नमूद करते. त्यांनी आपल्याच कार्यालयाच्या अ‍ॅपवर रीतसर तक्रार केली. अ‍ॅप पुराव्यादाखल फोटो मागते. रेडिओने भुयारात फोटो काढला. तो काळा आला, कारण भुयार काळे होते. उत्तर आले, 'छायाचित्र अस्पष्ट आहे. स्पष्ट छायाचित्र जोडावे.' तिने फ्लॅश लावून पुन्हा काढला. भिंती कोळिष्टकांसकट लख्ख दिसल्या. उत्तर आले, 'प्रकाश आढळला. तक्रार निकाली.' तिसऱ्या वेळी दिव्याची रिकामी खोबण तरी दिसावी म्हणून तिने खाली मेणबत्ती धरली. उत्तर आले, 'पर्यायी प्रकाशव्यवस्था उपलब्ध असल्याचे दिसते.'

अंधाराचा फोटो मागितला की हे असेच होणार. अर्जदार यात कोणा एका माणसाला दोष देत नाही. ते उत्तर माणसाने दिले की यंत्राने, हेही तिला ठाऊक नाही. पण त्या दिवशी रेडिओ अर्जदाराच्या खोलीत येऊन बसली आणि बराच वेळ फोन उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "बाई, अंधार दाखवता येत नाही. पण ऐकवता येईल."

३. दुसऱ्या दिवशीपासून 'काळोखाची हजेरी' सुरू झाली. पडदा पूर्ण काळा. आधी पावलांचा आवाज, मग ठिबकणारे पाणी, मग आठ आवाजांत आठ आकडे, पुन्हा आठ आकडे, आणि शेवटी पायऱ्यांवरची धावपळ. खाली एवढेच लिहिलेले : 'दिवा आहे असे कार्यालय म्हणते. आम्ही आहोत असे आम्ही म्हणतो.' शिवी नाही, कोणाचे नाव नाही. वर आले की रेडिओ ते पानावर चढवायची आणि शाळेत जायची.

प्रथम घरचेच लोक ऐकत. तळमजल्यावरचे विमा एजंट काका तर थट्टाच करायचे. त्यांनी एकदा जिन्यात विचारले की, मोबाईलवर आकडे म्हटल्याने दिवे लागतात होय ग? रेडिओ म्हणाली, "बटण दाबून तरी कुठे लागतात, काका?" त्यानंतर काकाही ऐकू लागले. मग महाविद्यालयातली मुले ऐकू लागली, मग दुसऱ्या शहरांतली. आणि अर्जदाराला ज्याची कल्पना नव्हती ते घडले. त्या मुलांनी आपापला अंधार पाठवायला सुरुवात केली. कोणी वसतिगृहाच्या मागची गल्ली, कोणी रेल्वेचा पूल. रुग्णालयात शिकणाऱ्या तीन मुलींनी मागच्या जिन्यावरून एक, दोन, तीन म्हणत उतरतानाचा आवाज पाठवला. काळ्या पडद्यामागे काळा पडदा. चेहरे एकमेकांना कधी न दिसलेली ही मुले एकमेकांची हजेरी घेऊ लागली. अर्जदार इतकी वर्षे वर्गात हजेरी घेत आली, पण हजेरी या शब्दाला एवढा अर्थ आहे हे तिला या मुलांनी शिकवले.

याची दखल आपल्या कार्यालयाने घेतली, याबद्दल आभार. काही दिवसांत माणसे आली, त्यांनी पायऱ्यांना रंग दिला आणि भुयाराच्या तोंडाशी 'प्रकाशमान व सुरक्षित भुयारी मार्ग' असा फलक लावला. फलक ठळक दिसावा म्हणून त्याला स्वतंत्र दिवा बसवला. तो दिवा आजही चालू आहे. दिवसासुद्धा.

४. आता जे लिहायचे ते थोडक्यात लिहिते.

त्या सकाळी शेपूट तापाने घरी होता. आठ नंबर गाळायचे वर ठरले. पायऱ्यांशी आल्यावर मुंगीला आठवले की भावाला औषधाचा चमचा द्यायचा राहिला. आई कपडे पोचवायला गेली होती. मुंगी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." मग सात नंबरही गाळायचे ठरले, आणि सहा मुले नियमाप्रमाणे सहापर्यंत आकडे म्हणत पलीकडे गेली. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावे, असे आपण मुलांना शिकवतो. ती 'येते' म्हणाली होती.

ती खाली उतरली तेव्हा चाव्यावाला दुकान मांडत होता. त्याने चौकशीत सांगितले आणि आजही तो तेच सांगतो की, पोर एकटीच सगळे आकडे म्हणत गेली. एक मोठ्या आवाजात, रेडिओसारखा. दोन जरा नाकात, कारण दोन नंबर नाकात बोलतो. प्रत्येकाचा आवाज काढत, सगळे सोबत असल्यासारखी. सहानंतर तिच्या स्वतःच्या आवाजात सात आले. चाव्यावाला हसला होता. त्यानंतर पुन्हा 'एक' ऐकू आले नाही, तेव्हा त्याला वाटले की ती पोचली.

वळणापलीकडे पाण्याच्या निचऱ्याचा खड्डा आहे. त्यावरचे लोखंडी झाकण नव्हते. रांग नेहमी डाव्या भिंतीला घासून जाते, त्यामुळे झाकण नाही हे मुलांना कधी कळलेच नाही. एकटीला धरायला दप्तर नव्हते. ती मधून चालली.

चौकशीच्या अहवालात लिहिले आहे : 'सदर मार्ग प्रकाशमान असल्याची नोंद असल्याने पादचाऱ्याने पुरेशी दक्षता घेतलेली दिसत नाही.' हा पादचारी नऊ वर्षांचा होता. मघाशी आपणास जे वय कल्पायला सांगितले, तेच हे वय.

५. त्यानंतर झाकण बसले. दिवे बसले नाहीत, कारण तक्रार निकाली निघालेली होती. शाळेने मुंगीचे नाव पटावरून कमी केले, ते त्यांना करावेच लागते. वर्गशिक्षकांनी मुलांना प्रेमाने समजावले की आता आठाने सात व्हावे, म्हणजे रांग सरळ होईल. शेपूट म्हणाला, "सात ताईचा आहे." आता तो स्वतःचे दप्तर स्वतः नेतो. सहाच्या मागे मुले एका माणसाची जागा मोकळी सोडतात. शेपूटचा हात तेवढा पुरत नाही, म्हणून रेडिओने सहाच्या दप्तराला एक लांब दोरी बांधून दिली आहे.

आणि आकडा गाळणे मुलांनी बंद केले. ताप असो, गाव असो, कोणाचाच आकडा आता वर उजेडात गाळला जात नाही. यावर त्यांची बैठक झाली नाही, ठराव झाला नाही. अर्जदारालाही हे उशिरा समजले.

पुन्हा शाळा सुरू झाली त्या पहिल्या सकाळी रांग खाली उतरली. एक ते सहा झाले. मग नियमाप्रमाणे रांग थांबली. त्या दिवशीचे ध्वनिमुद्रण आपल्या कार्यालयाकडे आहेच. पाणी ठिबकते आहे, कोणीतरी नाक ओढते आहे. बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, स्पष्ट, 'सात'. मग 'आठ'. मग पावले.

६. हा आवाज पुष्कळांनी ऐकला, आणि त्यातल्या काहींनी त्याचा बाजार मांडला, हेही अर्जदार लपवत नाही. कोणी त्याला भीतीचे संगीत जोडले. कोणी 'झपाटलेले भुयार' म्हणून कॅमेरे घेऊन आले. एका गृहस्थांनी शेपूटला पायऱ्यांवर बसून थोडे रडायला सांगितले. चाव्यावाल्याने त्यांना हाताला धरून रस्त्यापर्यंत सोडले. रेडिओने त्या दिवशी पानावर लिहिले : 'ही भुताची गोष्ट नाही. ही दिव्याची गोष्ट आहे.' फोन हा सुरीसारखा असतो, फळही कापतो आणि बोटही, असे अर्जदार मुलांना सांगायची. आता सांगत नाही. त्यांना ते तिच्याहून जास्त कळते.

यानंतर आपली नोटीस आली. तिचा आशय असा की, मृत व्यक्तीचा आवाज बनावट रीतीने तयार करून कार्यालयाची बदनामी होत आहे. सबब पान सर्व प्रतींसह नष्ट करावे, अथवा क्रमांक सातचा आवाज काढून टाकावा. पानासाठी अर्जदाराचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असल्याने नोटीस अर्जदाराच्या नावे आहे. सत्तराव्या वर्षी बनावट आवाजाचा आरोप येईल असे तिला वाटले नव्हते. तिचा खरा आवाजही आता कमीच ऐकू येतो.

मुलांनी नोटीस मानली. रेडिओने पुढच्या मुद्रणातून सात कापले. सहा आणि आठ यांच्यामध्ये नुसती शांतता ठेवली. वर एक ओळ लिहिली : 'कार्यालयाच्या आदेशानुसार.'

ती शांतता लोकांनी ऐकली. संध्याकाळपर्यंत कुठल्याशा शहरातल्या एका मुलीने तेच मुद्रण घेऊन, मोकळ्या जागी स्वतःचा आवाज घालून परत पाठवले. सात. मग त्या तीन नर्स मुलींनी, एका स्वरात. एका मुक्या मुलाने अंधारात सात टाळ्या वाजवून. एका आजोबांनी, त्यांचा दात पडला असावा असे वाटते. एका कारखान्यातल्या रात्रपाळीने, मागे यंत्रे चालू असताना. त्यांची भाषा कधी आपली, कधी दुसरीच, पण आकडा ओळखू यायचा. कोणी कोणाला सांगितले नव्हते. मोकळी जागा दिसली की माणूस तिथे सरकतो, तसे झाले.

यावर आपले स्मरणपत्र आले की, क्रमांक सात उच्चारणाऱ्या सर्व व्यक्तींची ओळखपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह यादी सादर करावी. अर्जदाराने प्रामाणिकपणे यादी करायला घेतली होती. नंतर तिच्या लक्षात आले की यादी करताना ती प्रत्येक वेळी तो आकडा मोठ्याने म्हणते आहे, म्हणजे पहिले नाव तिचेच घालावे लागेल.

७. आता मुख्य खुलासा. भुयारातला तो पहिला आवाज कोणाचा?

अर्जदाराने शेपूट सोडून बाकी मुलांना एकेकटे बोलावून विचारले. रागावून नाही, गोष्ट सांगताना विचारावे तसे विचारले. प्रत्येकाने सांगितले की मी म्हणत नाही, मला वाटते तो म्हणतो, किंवा ती म्हणते. रेडिओला वाटत होते की शेपूट म्हणतो. शेपूटला विचारायचे धाडस अर्जदाराला होत नव्हते. त्यानेच आपणहून सांगितले, "मी नाही म्हणत बाई. मी ऐकतो आणि मग आठ म्हणतो." मुले खोटे बोलतात तेव्हा कशी दिसतात, हे अर्जदाराला चांगले माहीत आहे. यांच्यापैकी कोणी खोटे बोलत नव्हते.

म्हणून, गुडघे दुखत असूनही, अर्जदार एका सकाळी त्यांच्यासोबत खाली उतरली. रांगेच्या बाजूने, शेपूटच्या खांद्यावर हात ठेवून. कान शाबूत आहेत तोवर स्वतः ऐकावे आणि आपणास निश्चित काय ते कळवावे, एवढाच हेतू होता. वळण आले, उजेड मागे राहिला. एक. दोन, नाकात. तीन. चार. पाच. सहा. रांग थांबली. आपल्या हाताखाली त्या पोराचा खांदा लाकडासारखा झालेला तिला जाणवला. त्या काळोखात सात मुले उभी होती आणि आठवीची वाट बघत होती. महोदय, ती शांतता या अर्जात लिहिता येत नाही. ती फोटोसारखीच अस्पष्ट येईल.

मग आवाज आला. लहान मुलीचा, अगदी जवळून. सात.

खांदा सैल झाला. शेपूट म्हणाला, आठ. रांग चालू लागली. आणि पलीकडच्या पायऱ्यांवर उजेडात आल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले की तिचे ओठ अजून उघडे आहेत. तो आवाज तिच्या तोंडून आला होता. तिने ठरवले नव्हते. तिचा आवाज तसा नाही; वर्गात ओरडून ओरडून तो केव्हाच घोगरा झालेला आहे. तरी तो तिच्याच तोंडून आला, आणि मुंगीचा होता.

खुलासा एवढाच आहे. तो आवाज बनावट नाही. तो त्या दिवशी जो कोणी जवळ असेल त्याचा असतो. यावर विश्वास बसत नसल्यास आपण एकदा स्वतः रांगेत उभे राहावे आणि सात न म्हणता पलीकडे जाऊन दाखवावे.

८. आता पान का नष्ट करू नये, ते लिहिते आणि हा अर्ज संपवते.

मुंगीची आई खालच्या गल्लीत टेबल मांडून इस्त्री करते. टेबलाखाली एक जुना फोन असतो. तिच्याजवळ मुलीचे दोन फोटो आहेत. दोन्हींत मुलीने डोळे मिटलेले आहेत. फोटो काढताना ती नेहमी हसायची आणि हसताना तिचे डोळे मिटायचे. आवाज मात्र कुठेच नव्हता. गरिबाच्या घरात मुलांचे आवाज कोण जपून ठेवतो? ते उद्याही असणारच असतात. आज त्या पानावरची जुनी मुद्रणे सोडली, तर त्या मुलीचा आवाज जगात कुठेही नाही. तोही एकच शब्द. कधी झोपेतला, कधी सर्दीचा, एकदा तोंडात काहीतरी खाताना म्हटलेला. ती बाई एकेक कपडा टेबलावर पसरते, फोन लावते, तो शब्द येईपर्यंत इस्त्री हातात धरून उभी राहते, आणि तो आला की मगच कपड्यावर टेकवते. नोटिशीबद्दल तिला सांगायला अर्जदार गेली होती. तिने सर्व ऐकून घेतले. एवढेच म्हणाली, "बाई, मला समजा लिहिता आलं असतं, तर मी साहेबांना विचारलं असतं, की तुमच्याकडे ठेवा, पण पुसू नका."

तिला लिहिता येत नाही. अर्जदाराला येते. म्हणून हा अर्ज.

तरी कृपा करून पान पुसण्याचा आदेश मागे घ्यावा. 'प्रकाश आढळला' हा शेरा कार्यालयाच्या नोंदीतून खोडावा, कारण तो खरा धरला तर दोष त्या मुलीचा ठरतो. दिवे लावावेत. आणि या तिन्ही गोष्टी लगेच शक्य नसतील, तर निदान एका सकाळी भुयारात उतरावे. वरून, पायऱ्यांवरून वाकून पाहू नये. वळणाच्या पलीकडे यावे.

अर्जात कमीजास्त लिहिले गेले असल्यास ते वयाच्या खात्यावर टाकावे. मुलांच्या खात्यावर टाकू नये.

आपल्या उत्तराची, आणि त्याहून आपल्या पावलांची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
निवृत्त शिक्षिका,
चाव्यावाल्याच्या वरचा मजला.
दिनांक : आजचा. अर्ज पोचेल तो दिवस धरावा.

सोबत :
१) नोटीस व स्मरणपत्र यांच्या प्रती.
२) अ‍ॅपकडून आलेली तीन उत्तरे, छापून.
३) फोटो, काळा, एक.
४) अर्धी मेणबत्ती. पर्यायी प्रकाशव्यवस्था म्हणून मान्य झालेली ती हीच.

ता. क. : अर्ज पाकिटात घालून झाला होता. तो पुन्हा उघडून, भुयाराच्या पायऱ्यांवर बसून हे लिहीत आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी.

आपणास रांगेत येण्याची विनंती केली आहे, असे अर्जदाराने काल मुलांना सांगितले होते. त्यावर रेडिओने विचारले, साहेबांचा नंबर किती? अर्जदार सहज म्हणाली, आठच्या पुढचा, दुसरा कुठला? ते त्या मुलांनी मनावर घेतले.

आज सकाळी रांग नेहमीप्रमाणे खाली उतरली. सात आले. आठ आले. आणि मग कोणी एक म्हटले नाही. रेडिओने पुढून सांगितले की आता नऊ यायचे आहेत. नऊ आले नाहीत. नियमाप्रमाणे रांग जागच्या जागी उभी आहे. शाळेची घंटा होऊन गेली. रेडिओने फोन वळणावरच्या खाचेत ठेवला आहे, तिथे रेंजची एक काडी येते. ठिकठिकाणची मुले ही शांतता ऐकत आहेत. कोणी काही लिहीत नाही, फक्त ऐकणाऱ्यांचा आकडा वाढतो आहे. इस्त्रीवाली काम टाकून आली आहे आणि पायऱ्यांखाली भिंतीला टेकून उभी आहे. विमा एजंट काका मुलांना हाक मारायला गेले होते, ते परत आलेले नाहीत. तेही उभे असावेत.

पोरे थंडीत किती वेळ राहणार म्हणून चाव्यावाल्याने शेवटी वरूनच मोठ्याने 'नऊ' म्हणून पाहिले. आतून रेडिओचा आवाज आला, "काका, तुमचा दहा. नऊ साहेबांचा आहे."

त्यांना तिथून कसे हलवावे हे अर्जदाराला कळत नाही, कारण तिथे थांबायला तिनेच शिकवले आहे. हा अर्ज चाव्यावाल्याच्या हाती धाडत आहे. तो सायकलवर येईल. त्याच्याच सायकलवर मागे बसून यावे, अशी विनंती.

आताच खाली जाऊन बघून आले. बघून म्हणजे हाताने चाचपून. शेपूट रांगेच्या शेवटी आहे. त्याच्या मागे आजवर कोणीच नसायचे, त्यामुळे त्याच्या दप्तराचा बंद धरायला कधी कोणी नव्हते. त्याने तो बंद सोडवला आहे, जेवढा लांब होईल तेवढा लांब केला आहे, आणि सैल टोक हातात घेऊन, न वळता, हात पाठीमागे अंधारात पुढे केला आहे.